प्रस्थानाचं दूध

माझ्या फुरगोनचा, म्हणजे जुन्या रशियन व्हॅनचा, हॉर्न तीनदा दाबला की पहिल्या दोन वेळा नीट वाजतो आणि तिसऱ्यांदा त्याचा घसा बसतो. तारा बदलून झाल्या, अख्खा हॉर्न बदलून झाला, खोड काही गेली नाही. माझी बायको नोर्जमा म्हणायची, "गाडी मालकाच्या वळणावर गेलीय. दोन शब्द गोड आणि तिसऱ्याला खेकसायचं." आमच्या खोव्दमध्ये हा हॉर्न सगळ्यांना माहीत आहे. गावाच्या पश्चिमेला खिंडीवर ओवो आहे, म्हणजे दगडांची मोठी रास, निळ्या रेशमी पट्ट्या बांधलेली. उतरून तीन प्रदक्षिणा घालायला सवड नसेल तर ड्रायव्हर तीनदा हॉर्न देतो आणि पुढे जातो. वारा पश्चिमेचा असला की तो हॉर्न थेट आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. तिसऱ्याला घसा बसला की शेजारीपाजारी म्हणतात, शगदर निघाला. नाहीतर म्हणतात, शगदर आला.

हे आधी सांगून ठेवतो. रस्त्याच्या माणसाला पुढचं वळण आधी सांगायची सवय असते.

उभा जन्म माझा अल्ताईच्या डोंगरांतले रस्ते मोजण्यात गेला. चढ किती, वळण कुठे, कुठला पूल बर्फ वितळताना वाहून जाणार, हे मला कुणाला विचारावं लागत नाही. ओवोला हॉर्न देतो तो हाताच्या सवयीने. लामा, मुहूर्त, शकुन-अपशकुन असल्या भानगडींत मी कधी पडलो नाही. तो सगळा मक्ता दुलमामावशीचा. नोर्जमाची आई लवकर गेली, या मावशीनेच तिला वाढवलं, आणि आमचं लग्न झाल्यावर मावशी चार दिवस म्हणून आमच्याकडे राहायला आली ती कायमचीच.

उन्हाळा सुरू होताना उलानबातरच्या डॉक्टरांनी नोर्जमाला घरी पाठवून दिलं. यकृत. आमच्याकडे हा शब्द ऐकला की पुढचं कुणी विचारत नाही. दुखणं दाबायच्या पट्ट्या बरोबर दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, त्यांना जे खावंसं वाटेल ते देत जा.

तिला खावंसं काहीच वाटत नव्हतं. तिला सीमेपलीकडे, रशियन मुलखात जायचं होतं.

तरुणपणी ती बर्नाऊलला शिकायला होती. बसने जाता-येता वाटेत एक जागा लागायची, चुया नदी कातुनला मिळते ती. एकीचं पाणी मातकट, दुसरीचं हिरवंनिळं, आणि बराच वेळ दोघी एकाच पात्रातून शेजारी शेजारी वाहत राहतात, मिसळत नाहीत. बस तिथे कधीच थांबली नाही. दरवेळी ही खिडकीला नाक लावून बसायची आणि दरवेळी वळण येऊन सगळं नाहीसं व्हायचं.

"मला तिथे खाली उतरायचंय आणि पाण्यात पाय घालून उभं राहायचंय," ती म्हणाली. "मग मी कटकट करणार नाही."

"तू आणि कटकट करणार नाहीस?" मी म्हटलं. "मग तर जायलाच हवं."

जोक केला खरा, पण बाहेर जाऊन उगाच गाडीचं बॉनेट उघडून उभा राहिलो. डोळे पुसायला तीच एक आडोशाची जागा होती.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी माझा जुना नकाशा पसरला. घडी पडून पडून डोंगरांच्या मधोमध भोकं पडलेला. मुक्काम म्हणून नोर्जमाने त्यावर आरूलचे, वाळवलेल्या दह्याचे, खडे मांडले. तोल्बो तळ्याच्या कडेने ओल्गी. मग सीमेच्या अलीकडे त्सागान-नूर, तिथे कुल्याश नावाची कझाक बाई चहाचं दुकान चालवते आणि पाहुणे ठेवते. मग सीमेची खिंड. पलीकडे कोश-आगाचचा माळ, त्याच्या पुढे आक्ताशला मुक्काम, आणि मग संगम. गाडी म्हणून तिने आपल्या देलचं, म्हणजे लांब अंगरख्याचं, चांदीचं बटण खोव्दवर ठेवलं. तो रेशमी देल आता तिच्या अंगावर इतका ढगळ व्हायचा की एक बटण कमी झालेलं कळणारही नव्हतं.

मी पेट्रोलचा हिशोब करून वर पाहिलं तर एक खडा गायब.

"आक्ताश कुठे गेलं?"

"खाल्लं."

"अगं, मुक्काम होता तो आपला!"

"मग सरळ संगमावरच जाऊ, म्हाताऱ्या. मधे थांबायचंय कुणाला?"

कितीतरी दिवसांनी ती काहीतरी चावत होती. मी तिथे दुसरा खडा ठेवला.

ठरलं असं की डोंगरातली पानं गाळणारी सूचिपर्णी झाडं पिवळी पडू लागली की निघायचं. तोवर गाडी सीमेपार न्यायचे कागद येतील, आणि इथल्या दवाखान्यात तिच्या पोटातलं पाणी काढून होईल. सगळं हिशोबात बसत होतं. पण मावशी गेली लामाकडे. सशाच्या वर्षी जन्मलेल्या बाईला पश्चिमेला निघायला परवाचा दिवस चांगला, त्यानंतर बर्फ पडेपर्यंत एकही नाही, असं विचारून आली.

"परवा शक्य नाही," मी म्हटलं. "कागद नाहीत."

"मग प्रस्थान ठेवा."

आमच्याकडे हे सर्रास चालतं. मुहूर्ताच्या दिवशी त्या दिशेने घराबाहेर पडायचं, सामानातली एखादी पिशवी वाटेवरच्या कुणाच्या घरी ठेवायची आणि गुपचूप दुसऱ्या वाटेने परत यायचं. मग खरं निघणं होईल तेव्हा होवो, निघताना पिशवी उचलायची. मुहूर्त साधलेला असतो.

"मुहूर्त इतका बावळट असतो का हो, मावशी?"

"तू गाडी काढ," मावशी म्हणाली. तिच्यापुढे माझं कधी काही चाललेलं नाही.

त्या सकाळी स्वच्छ ऊन होतं. नोर्जमाला मी उचलूनच गाडीत बसवली. तिने पिशवीत निळा डोकरुमाल आणि चहाची स्वतःची चांदी मढवलेली वाटी भरली होती. गाडी फाटकाबाहेर निघाली आणि मी आरशात पाहिलं, तर मावशी रस्त्यावर आलेली. डाव्या हातात दुधाचं भांडं, उजव्या हातात नऊ खाचांचा लाकडी चमचा. आमच्यामागे ती आकाशाकडे दूध शिंपडत होती. एक शिंपण, मग दुसरं, मग आणखी. तिचं तोंड वेडंवाकडं झालं होतं.

"अगं मावशे, जेवायच्या आत परत येतोय आम्ही!" नोर्जमा खिडकीतून ओरडली आणि हसू लागली. "ही बाई म्हणजे ना!"

खिंडीत ओवोपाशी तिला उतरवणं शक्य नव्हतं. मी तीनदा हॉर्न दिला. तिसऱ्याला घसा बसला.

खिंडीच्या पलीकडे लगेच झाग्दचं घर आहे. झाग्द माझा जुना दोस्त, आयुष्यभर ट्रक चालवून आता मेंढ्या राखतो. त्याने मिठाचा चहा गाडीपाशी आणून दिला, पिशवी घरात नेऊन खुंटीला अडकवली, आणि आम्ही नदीकाठच्या कच्च्या वाटेने परतलो. घरासमोर मातीवर दुधाचे थेंब अजून ओले होते. नोर्जमाला पाठीवर घेऊन मी दार ठोठावलं.

मावशीने दार उघडलं आणि आमच्याकडे पाहत म्हणाली, "कोण हवंय?"

"मावशी, तिला आत तरी घेऊ द्या."

"अगं बाई," ती बाजूला झाली. "ऊन आलं डोळ्यांवर."

वय झालं म्हातारीचं, असं मी मनात म्हटलं आणि विसरून गेलो.

कागद आले. पोटातलं पाणी काढून झालं, पण त्यानंतर नोर्जमाला बसवेना. मी तिची खाट स्वयंपाकघरात चुलीशेजारी आणली आणि नकाशाचं टेबल खाटेला लावलं, म्हणजे तिला पडल्या पडल्या दिसेल. डोंगर पिवळे पडू लागले होते. मी झाग्दला फोन केला, म्हटलं, एक-दोन दिवसांत पिशवी न्यायला येतो.

"कसली पिशवी?" झाग्द म्हणाला. "घेऊन गेलात की काल."

"कोण?"

"कोण म्हणजे? तू आणि वहिनी. तुला काय चळ लागलाय का?"

"सकाळी सकाळी दारू घेतलीस ना?"

"घेतली असशील तू! वहिनी टुणकन उडी मारून उतरली, माझ्या मिशांना बोकडाचं शेपूट म्हणाली, दोन वाट्या चहा प्यायली आणि पिशवी खांद्याला अडकवून निघाली. मी म्हटलं, चला, औषध लागू पडलं. तू मात्र तोंडात गुळणी धरून बसला होतास. भांडलात का रे?"

नोर्जमा माझ्यासमोर खाटेवर झोपली होती. तिचा हात चादरीवर होता, पिवळा, बोटांची हाडं वर आलेली.

मी गाडी काढून झाग्दकडे गेलो. त्याच्या थोबाडीत द्यायचं ठरवूनच गेलो होतो. खुंटी रिकामी होती. झाग्द शुद्धीत होता, तोंडाला दारूचा वास नव्हता. तो मला अंगणात घेऊन गेला. मऊ मातीत चाकांच्या खुणा होत्या. माझ्या गाडीची तीन चाकं एका जातीची आणि मागचं उजवं दुसऱ्या जातीचं आहे, त्याची नक्षी तिरपी उमटते. इथेही तिरपी उमटली होती. खुणा पश्चिमेकडे गेल्या होत्या आणि परत आलेल्या नव्हत्या.

घरी येऊन मी गाडीची बॅटरी काढली आणि आत आणून खाटेखाली सरकवली. कुणीतरी गाडी पळवतंय, दुसरं काय असणार? असा मी विचार केला. गाडी रोज माझ्या खिडकीसमोर उभी होती हे मला माहीत होतं, तरी केला.

"बॅटरीला थंडी वाजतेय का रे?" नोर्जमाने डोळे न उघडता विचारलं.

"हो. तुझ्याच शेजारी ठेवलीय."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि पुन्हा झोपली.

नकाशावरचं बटण तेव्हा तोल्बो तळ्याच्या पुढे, ओल्गीवर होतं. तिचा चाळा, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कुल्याशला फोन लावला. मनात म्हटलं, खोली सांगून ठेवू. खरं तर मला तिने "या, कधी येताय?" असं विचारायला हवं होतं. तेवढंच हवं होतं.

"अय्या, शगदरभाऊ! काही विसरलात का?" कुल्याश म्हणाली. "मी पांघरुणं झटकून पाहिली, काही नाही हो सापडलं."

मी खुर्चीवर बसलो.

"आम्ही कधी निघालो तुझ्याकडून?"

"आता थट्टा करता का? हे काय, चहा घेऊन तर निघालात. सीमा उघडायच्या आधी रांगेत उभं राहायचं म्हणत होतात. आणि वहिनींनी काय जेवायचं ते! मटण, वर कांदा, वर रस्सा. लोक काय वाट्टेल ते बोलतात बाई, म्हणे आजारी आहे. डोळे कसे पांढरे स्वच्छ. माझ्या सासऱ्यांच्या दोंब्र्याच्या तारांवर गाणी म्हटली त्यांनी, सासरे बिचारे पार विरघळले."

"आणि मी?"

"तुम्ही त्यांच्याकडे बघत बसला होतात," कुल्याश हसली. "नव्या नवरदेवासारखे."

फोन ठेवला तेव्हा मावशी नोर्जमाला रस्सा भरवायला बसली होती. नोर्जमाने तोंड फिरवलं.

"एक घोट घे, बाळा."

"पोट भरलंय गं," ती पुटपुटली. "त्या बाईने किती वाढलं."

तिच्या तोंडाला कच्च्या कांद्याचा वास येत होता. कांदा आमच्या घरात तिच्या आजारपणापासून आणलेला नव्हता.

मी खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. मला त्या माणसाचा हेवा वाटला. तो तिकडे रस्त्यावर होता, तिच्या डोळ्यांत पिवळेपणा नव्हता, ती त्याच्याशेजारी बसून गात होती, आणि मी इथे तिची पट्टी बदलत होतो. मेला नशीबवान, असं मी मोठ्याने म्हणालो. मावशीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं माहीत आहे हे मला कळलं.

मी तिला बाहेर अंगणात नेलं.

"मावशी, काय आहे हे?"

मावशीने पदर हातात घ्यावा तशी देलची बाही हातात घेतली आणि पिळत राहिली. "प्रस्थानाला दूध शिंपडत नाहीत," ती म्हणाली. "हॉर्नही देत नाहीत. चोरपावलांनी जायचं असतं, आकाशाला कळू न देता. दूध शिंपडायचं ते खरं निघतात त्यांच्यामागे."

"मग का शिंपडलंत?"

"मला वाटलं, खरं निघायच्या दिवसापर्यंत माझी पोर राहणार नाही. तिला निरोप द्यायचा राहूनच जाईल. हात आवरला नाही रे माझा." ती रडू लागली. "ज्यांच्यामागे दूध शिंपडलं ते गेले, शगदर. आता पोचेपर्यंत ते जातच राहणार."

"आणि आम्ही? परत आलो ते आम्ही कोण?"

मावशीने नाक पुसलं. "चुलीवर दूध आहे," म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवसापासून मी हिशोब मांडू लागलो. दुसरं मला येतं काय? ते ओल्गीला पोचले तेव्हा नोर्जमाचं बसणं संपलं. त्सागान-नूरला पोचले तेव्हा खाणं संपलं. संध्याकाळी बटण सीमेच्या खिंडीवर दिसलं आणि तिचं पाय हलवणं थांबलं. सकाळी ते कोश-आगाचच्या माळावर होतं, आणि तिचा आवाज इतका बारीक झाला होता की कान तोंडाशी न्यावा लागे. पुढे आक्ताश. आक्ताशच्या पुढे संगम, आणि संगमाच्या पुढे आम्ही काही ठरवलेलंच नव्हतं.

बटण कोण सरकवत होतं, ते मी पाहिलं नाही. तिचा हात तर आता टेबलापर्यंत उचलतही नव्हता.

मग मी ते बटण उचललं आणि मुठीत घट्ट धरलं. रस्त्याचा माणूस मी, पण तेव्हा मला वाटलं, बटण हलू दिलं नाही तर गाडी हलणार नाही.

ट्रकवाल्यांकडून आक्ताशच्या पाहुणघराचा नंबर मिळवला. सिर्गा म्हणून एक बाई ते चालवते. तिला मी कधी पाहिलेलं नाही. माझं रशियन गंजलेलं, पण कामापुरतं पुरे.

"तुमच्याकडे आज एक जोडपं येईल," मी म्हटलं. "राखाडी फुरगोन. त्यांना पुढे जाऊ देऊ नका. दरड पडलीय म्हणा, पूल गेलाय म्हणा, काय वाटेल ते सांगा. मी पाया पडतो तुमच्या."

पलीकडे भांड्यात डाव फिरल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"तुम्ही शगदर ना?"

"हो."

"त्यांनी सांगून ठेवलंय, तुमचा फोन येईल म्हणून." बाई अवघडल्यासारखी बोलत होती. "म्हणाले, माझ्याच आवाजाचा एक माणूस फोन करेल. रडकुंडीला आलेला असेल. थांबवा म्हणेल. त्याचं ऐकू नका."

माझ्या हाताला घाम आला होता. बटण निसटत होतं.

"द्या त्याला फोन."

पावलं लांब गेली. मग मला नोर्जमाचं हसू ऐकू आलं. आजारपणाच्या आधीचं, खोकल्यात संपणारं नव्हे, मोकळं. मी खाटेकडे वळून पाहिलं. तिथे ती निपचित पडली होती.

पावलं परत आली.

"ते म्हणतात, बोलण्यासारखं काय आहे? तुम्हाला सगळं ठाऊकच आहे."

"आणखी काय म्हणतात?"

"म्हणतात, बस इतक्या वेळा थांबली नाही. एकदा तरी थांबू दे." बाई घुटमळली. "चहा घेताहेत. झाला की निघतीलच."

त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. त्याच्या जागी मीच होतो.

फोन ठेवून मी खाटेखालची बॅटरी ओढली. गाडीत घालतो, जातो, गाठतो त्यांना, वाटेत आडवा उभा राहतो. कुठला हिशोब आणि कुठलं काय! आक्ताश किती लांब, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

"म्हाताऱ्या."

मी तिच्या तोंडाशी कान नेला.

"बस इथे."

"मी आलोच, नोर्जो. जातो आणि आलोच."

"कुठे जातोस?" तिच्या ओठांवर हसू होतं. "आहेस की तिकडे माझ्याबरोबर. इथेही कुणीतरी नको का?"

मी बसलो. मावशी दुसऱ्या बाजूला बसली. खिडकीतून ऊन सरकत चुलीपर्यंत आलं.

"वळण आलं," नोर्जमा म्हणाली.

थोड्या वेळाने म्हणाली, "थांबवलीस."

मी तिचा हात धरला होता. दुसऱ्या हातात बटण होतं. मूठ मी सोडली नव्हती, शपथेवर सांगतो, एकदाही सोडली नव्हती.

"गार आहे रे पाणी," ती म्हणाली. ते शेवटचं.

तिचे लोकरीचे मोजे मावशीने काढले तेव्हा ते घोट्यापर्यंत ओले होते. मावशीने ते पिळले नाहीत. तसेच चुलीशेजारी दोरीवर वाळत घातले.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. लामाने सांगितलेल्या वेळी तिला डोंगरउतारावर नेलं. झाग्द आला होता, माझ्याकडे बघायचं टाळत होता. माणसं आली, मिठाचा चहा प्यायली, गेली. नकाशा मी घडी घालून ठेवला. बटण मावशीने आधीच देलला परत शिवलं होतं आणि तो देल नोर्जमाच्या अंगावर घातला होता. दवाखान्याची बाई उरलेल्या पट्ट्या घेऊन गेली. घरात इतकी शांतता झाली की चुलीत गोवरी जळतानाचा आवाजही ऐकू येई.

मग एका दुपारी फोन वाजला. कुल्याश होती.

"मी रागावलेय हं तुमच्यावर, शगदरभाऊ," ती म्हणाली. "काल परत जाताना दारावरून गेलात आणि चहाला थांबला नाहीत. मी हात केला तर गाडी हळू करून नुसती काच खाली केलीत."

मी विचारलं, "गाडीत कोण होतं?"

"तुम्ही एकटेच. मी विचारलं, वहिनी कुठायत? तर म्हणालात, तिला तिथे आवडलं, राहिली ती." कुल्याशचा आवाज जरा खाली आला. "बरंय ना सगळं? तुमचा चेहरा बरा नव्हता. आणि वहिनींच्या जागेवर त्यांची पिशवी ठेवून वरून पट्टा बांधला होतात."

मी फोन ठेवला. परतीचा रस्ता मीच आखला होता. जाताना मुक्काम करायचे आणि येताना न थांबता यायचं, असं त्या टेबलावर मीच म्हणालो होतो. ती थकली असेल, तिला लवकर घरी आणायला हवं, म्हणून.

मावशीला मी काही सांगितलं नाही. पण ती उठली. तिने दूध तापवायला ठेवलं.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"लांबून आलेल्या माणसाला दुधाने घरात घ्यायचं असतं," ती म्हणाली. "रिकाम्या हातांनी कसं घ्यायचं?"

मी खिडकीशी गेलो. माझी गाडी फाटकात उभी होती. चाकांभोवती पिवळी पानं साचली होती. बॅटरी खाटेखाली होती, मी वाकून पाहिली, हात लावून पाहिला.

वारा पश्चिमेचा होता.

खिंडीवरून हॉर्न आला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्याला घसा बसला.

शेजारच्या अंगणात कुणीतरी म्हणालं, "शगदर आला वाटतं."

मी टेबलाशी माझ्या जागी येऊन बसलो. नेहमी बसतो तिथेच, चुलीकडे पाठ करून. "मावशी," मी हाक मारली. तिला ऐकू आलं नाही. तिने फडताळातून माझी वाटी काढली, फडक्याने पुसली, चहाने भरली आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, दाराकडच्या जागेपुढे ठेवली.

एकच वाटी होती. मग दुधाचं भांडं हातात घेऊन, माझ्याकडे पाठ करून, ती दाराकडे तोंड करून उभी राहिली.